गुरुजी, पहिलं पान कुठंय?

अण्णांच्या अस्थी घेऊन आम्ही गंगेवर गेलो होतो. नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगाच. रामकुंडावर जायचं असलं तरी तो ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच सांगतो. विधी आटोपल्यावर गुरुजींनी घरी नेलं आणि फडताळातून लाल फडक्यात बांधलेला एक चोपडा काढला. तीर्थोपाध्यांकडे या नामावळ्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या असतात. कूळ कोणतं, गाव कोणतं, कोण कधी आलं, सोबत कोण होतं आणि खाली सही. आमचं मूळ गाव खानदेशातलं. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि पाच मिनिटांत माझ्या पणजोबांची मोडीतली सही समोर आली. सिंहस्थाला बैलगाडीने आले होते म्हणे. त्यांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी आजोबा. अण्णांपासून मोजलं तर पाच पिढ्या.

बरोबर माझी पुतणी होती, नववीतली. तिने चोपडा मागेपुढे चाळला आणि विचारलं, “गुरुजी, पहिलं पान कुठंय?”

“हे काय, हेच.”

“हे नाही. यांच्याही आधीचं. माणसाचंच पहिलं पान.”

गुरुजी मनापासून हसले. “ते वाळवीनं खाल्लं, बाळ.”

परत येताना रिक्षात तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. शाळेत उत्क्रांती शिकवली होती. माणूस माकडापासून झाला, तर ब्रह्मगिरीवर आपल्या हातातला केळ्यांचा घड पळवणारी माकडं अजून माकडंच कशी राहिली? हा प्रश्न मी मोठ्या माणसांकडूनही ऐकलाय, आणि बहुतेक वेळा तो उत्तर मिळवण्यासाठी नाही, समोरच्याला गप्प करण्यासाठी विचारलेला असतो. तिला मात्र खरंच उत्तर हवं होतं. तिचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, आणि उत्तर त्या लाल फडक्यातच बांधलेलं आहे.

समजा, वाळवी लागलीच नाही. समजा, प्रत्येक पिढीचं एकेक नाव एकेका ओळीत लिहीत कुणीतरी हा चोपडा अगदी मागपर्यंत सांभाळला. पिढीला २५ वर्षं धरू, पानावर ३० ओळी. म्हणजे एका पानात साडेसातशे वर्षं बसतात. आपल्या त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्यापासून आपल्यापर्यंतचा सगळा काळ जेमतेम एका पानाचा. काझीच्या किंवा मातीच्या गढीवर, जुन्या नाशकात, १९५०-५१ साली उत्खनन झालं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची रंगवलेली मातीची भांडी आणि दगडाची बारीक पाती निघाली. ती वापरणारे नाशिककर चार-पाच पानं मागे भेटतील. शेती साधारण १० हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे तेरा-चौदा पानं. त्याच्या मागे एकाही नावापुढे शेतजमिनीची नोंद नाही. सगळे शिकार करणारे, कंदमुळं खणणारे, फिरस्ते.

आणि आपल्यासारखा माणूस, शास्त्रज्ञ ज्याला होमो सेपियन्स म्हणतात तो? मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद इथे मिळालेली हाडं ३ लाख वर्षांपूर्वीची आहेत आणि आपल्या प्राणिजातीची म्हणून ओळखली जाणारी सर्वांत जुनी तीच. ३ लाख वर्षं म्हणजे १२ हजार नावं, ४०० पानं. एक जाडजूड चोपडा. सगळी मानवजात त्या एका चोपड्यात; सगळे धर्म, सगळी भांडणं तर त्याच्या शेवटच्या काही पानांत.

चोपडा क्रमांक एक

मागे मागे जाताना ऐंशी-नव्वद पानांवर एक मजेशीर जागा येते. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या जवळजवळ सगळ्या माणसांचे पूर्वज साधारण ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या टोळ्यांतले. बाहेर जग रिकामं नव्हतं. युरोप आणि पश्चिम आशियात निअँडरथल नावाची माणसं आधीपासून राहत होती. धिप्पाड, रुंद नाकाची, मेंदू आपल्याएवढाच किंवा थोडा मोठा. १८५६ साली जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात त्यांची हाडं सापडली म्हणून हे नाव. बरीच वर्षं समज असा की ते वेगळे, आपण वेगळे. २०१० मध्ये स्वांते पाबो यांच्या गटाने जुन्या हाडांतून निअँडरथलचा डीएनए, म्हणजे पेशीतला आनुवंशिक मजकूर, वाचला आणि कळलं की सोयरीक झाली होती. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, एक ते दोन टक्के भाग त्यांचा आहे. पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कुळाची शुद्धता मिरवणाऱ्यांची कमी नाही. त्यांना हे पान जरूर दाखवावं.

मग ४०० वं पान उलटलं की काय होतं? पुतणीला वाटत होतं, तिथे एक ठळक रेघ असेल. रेघेच्या वर माकड, खाली माणूस.

रेघ नाही. इथेच बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून जरा थांबतो. निवृत्तिनाथांच्या काळची मराठी आपल्याला आज शब्दार्थ पाहिल्याशिवाय धड कळत नाही. पण मधल्या तीस पिढ्यांत अशी एकही आई झाली नाही की जिला पोराचं बोलणं कळेना. प्रत्येक घरात आई आणि मूल एकच भाषा बोलत होते. भाषा तरीही बदलली. चोपड्यातही तसंच. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, ते मूल आपल्या आईबापांच्याच जातीचं आहे. एकाही आईने वेगळ्या जातीचं बाळ जन्माला घातलेलं नाही. तरी शंभर पानं सोडून चेहरे पाहिले तर भुवयांचं हाड जाड झालेलं दिसतं, हनुवटी आत गेलेली, कपाळ मागे झुकलेलं. होमो सेपियन्स, त्याच्या आधीचा होमो इरेक्टस ही नावं आपण नंतर, सोयीसाठी दिलेली. एखाद्या गावाची हद्द कुठे संपते ते पाटीवरून कळतं, जमिनीवरून नाही.

म्हणून पहिला माणूस कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. वाळवीला उगाच दोष.

गंगापूरच्या कुऱ्हाडी

आता चोपडे भराभर पालथे घालू, एकेक चोपडा ३ लाख वर्षांचा, पण सातव्या चोपड्याच्या आत नाशकासाठी थांबायला हवं.

शहरापासून जवळच, गंगापूर गावाच्या आसपास, गोदावरीच्या काठी जुन्या गोट्या-वाळूचे घट्ट झालेले थर आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांना या थरांत दगडी हत्यारं मिळाली आणि १९५२ साली त्यांनी गोदावरीच्या या अश्मयुगीन हत्यारांवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. आपण धरणावर कणसं खायला जातो तोच हा पट्टा. त्यातलं मुख्य हत्यार म्हणजे हातकुऱ्हाड. दांडा नाही, मुठीत धरायची. पेरूच्या किंवा अश्रूच्या आकाराचा दगड, दोन्ही बाजूंनी छिलके उडवून कडा धारदार केलेल्या.

मी एका संग्रहालयात काचेपलीकडून अशी कुऱ्हाड पाहिली आहे. नवल वाटतं ते धारेचं नाही, दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या हट्टाचं. दगड फोडायच्या आधी आकार डोक्यात असल्याशिवाय हे जमत नाही. पुढचा घाव कुठे घालायचा, मग दगड फिरवून कुठे, हे सगळं आधी ठरवावं लागतं. आणि एकमेकांचं पाहून, कदाचित हातात हात धरून शिकावं लागतं.

या घडणीच्या सर्वांत जुन्या कुऱ्हाडींपैकी काही केनियात मिळाल्या, १७ लाख वर्षांहून जुन्या. भारतात चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हत्यारांचा काळ शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १५ लाख वर्षांपर्यंत मागे नेला. म्हणजे भारतात कुणीतरी हातकुऱ्हाडी घडवत होतं तेव्हा आपली होमो सेपियन्स जात जन्मायला अजून १२ लाख वर्षं होती. घडवणारा बहुधा होमो इरेक्टस. १९८४ साली केनियात तुर्काना सरोवराजवळ या जातीच्या एका मुलाचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, १५ लाख वर्षांपूर्वीचा. गळ्याखालचं शरीर बरंचसं आपल्यासारखं, लांब पाय, अरुंद कंबर. डोकं मात्र लहान. आपला मेंदू साधारण १३५० घनसेंटीमीटरचा, त्याचा ९०० च्या आसपास.

मग त्या कारागिरांची हाडं नाशकात का नाहीत? एक कारण असं की हाड टिकायला नशीब लागतं: लवकर गाडलं जावं, पाण्याने कुजू नये, कुणी चघळू नये. दगडाला यातलं काही लागत नाही. भारतात आपल्या आधीच्या माणसाची एक कवटी मिळाली आहे, तीही नर्मदाकाठी हथनोऱ्याला. भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना १९८२ साली ती सापडली. तिचं वय आणि जात यांवर अजून वाद आहेत. गोदावरीने मात्र नुसती हत्यारं ठेवली, हात ठेवले नाहीत.

जाता जाता एक गोष्ट. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास ओतलेले. डायनोसॉर संपले तोच काळ. नरवानर गणाचे, म्हणजे लेमूर, माकडं, कपी (चिंपँझी-गोरिलासारखे बिनशेपटीचे) आणि आपण या सगळ्यांच्या घराण्याचे, सर्वांत जुने पक्के जीवाश्म साधारण ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे ज्या काळ्या दगडाची कुऱ्हाड घडवली तो दगड चोपड्याच्या पहिल्या नावाहून जुना. पुतणीला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पांडवलेण्याच्या भिंतीला हात लावून ती म्हणाली, “ही आपल्या सगळ्यांच्या आधीची.”

आधी पाय, मग डोकं

अकराव्या चोपड्यात ल्यूसी भेटते. २४ नोव्हेंबर १९७४, इथिओपियातलं हदार. ३२ लाख वर्षांपूर्वीचा, ४० टक्के हाडं शाबूत असलेला सांगाडा. उंची साडेतीन फूट. जातीचं नाव ऑस्ट्रलोपिथेकस अफारेन्सिस. ती आपली थेट आजी होती की चुलत आजी, हे ठामपणे सांगता येत नाही. तिने एक मोठी समजूत मोडून काढली हे मात्र खरं. त्याआधी बऱ्याच विद्वानांना वाटे की आधी मेंदू वाढला, बुद्धी आली, मग माणूस उभा राहिला. स्वतःच्या बुद्धीचा अभिमान असलेल्या लोकांना असं वाटणं साहजिकच. ल्यूसीचा मेंदू चिंपँझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता, पण कंबर आणि गुडघा सांगत होते की ती दोन पायांवर चालत असे. १९७८ मध्ये टांझानियात लेतोलीला तर पावलांचे ठसेच मिळाले. ३६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ओल्या राखेतून दोघं-तिघं चालत गेले, राख सिमेंटसारखी घट्ट झाली. अंगठा बोटांच्या रांगेत, टाच खोल रुतलेली. पावसात गोदाघाटावरच्या चिखलात उमटते तशीच चाल.

चालणं आधी, अक्कल नंतर. मधे किमान वीस लाख वर्षं.

दोन पायांवर चालण्याने हात मोकळे झाले, हे शाळेत सांगतात. त्याची किंमत काय पडली, हे कमी सांगतात. चार पायांच्या प्राण्याचा आडवा कणा आपण उभा केला, म्हणून कंबरदुखी आपल्या पाचवीला पुजलेली. चालायला कंबर अरुंद हवी आणि पुढे मेंदू वाढला तसं बाळाचं डोकं मोठं झालं. या ओढाताणीत आपल्या बायकांचं बाळंतपण इतर कपींपेक्षा कितीतरी अवघड होऊन बसलं. मिळकत बघायची तर चैत्रात पायी वणीला निघालेले आमच्या खानदेशातले भाविक पाहावेत. भर उन्हात, दिवसचे दिवस, डोक्यावर ओझं. वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आणि केस विरळ झालेली कातडी, यांच्या जोरावर माणूस तापलेल्या वाटेवर चालत राहतो. तेवढ्यात कुत्रं केव्हाच झाडाखाली जीभ काढून बसतं.

मेंदूचा खर्च आणखी वेगळा. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के हा ऐवज, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या शक्तीतला पाचवा हिस्सा एकटा खातो. मांस, मज्जा, आणि पुढे विस्तवावर शिजवलेलं अन्न यांच्याशिवाय हा खर्च झेपला नसता, असं अनेक संशोधक मानतात. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत १० लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाची राख मिळाली आहे.

शेजारच्या फडताळातले चोपडे

बाविसाव्या चोपड्याशी, म्हणजे साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी, एक नाव असं येतं की त्याच्या खाली दोन फाटे फुटतात. एका फाट्याने खाली उतरलं की आपण. दुसऱ्याने उतरलं की चिंपँझी.

पुतणीच्या माकडाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आमच्या पणजोबांचा एक भाऊ खानदेशातच राहिला. त्याची पतवंडं आजही तिथे केळी लावतात. ती आमची पूर्वज आहेत का? नाहीत, भाऊबंद आहेत. आम्ही नाशकात आलो म्हणून त्यांनी नाहीसं व्हावं, असं काही नाही. आणि तीही पणजोबांसारखी राहिलेली नाहीत. ठिबक सिंचन करतात, मोबाइलवर भाव बघतात. चिंपँझी तसाच. तोही त्या सामाईक पूर्वजापासून तितकीच लाखो वर्षं बदलत आला आहे. ब्रह्मगिरीवरचं माकड आणखी दूरच्या फांदीवरचं. आपली आणि त्याची वाट सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. तो आपला आजा नव्हे, फार फार लांबचा चुलतभाऊ. केळी मात्र हक्काच्या भावासारखी नेतो.

या भाऊबंदकीचा कागदोपत्री पुरावाही आहे. गोरिला, चिंपँझी, ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, आपल्यात ४६. दोन गेली कुठे? कुठेच नाही. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात त्यांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून शिवलेली सापडतात. एरवी फक्त टोकांना असतो तसा मजकूर या गुणसूत्राच्या मध्यावर सापडतो. दोन जुन्या चोपड्यांची बांधणी एक करावी आणि आतले पुठ्ठे तसेच राहावेत, तसं.

फडताळात असेही बरेच चोपडे आहेत की ज्यांच्या शेवटच्या पानाखाली काही नाही. निअँडरथल त्यातलेच. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेली साडेतीन फुटी माणसंही. शाळेच्या पुस्तकातलं ते प्रसिद्ध चित्र, वाकलेलं माकड हळूहळू ताठ होत शेवटी माणूस, मला म्हणूनच आवडत नाही. त्यात एकच रांग दिसते, भाऊबंद दिसत नाहीत.

नक्कल उतरवणाऱ्याची चूक

बदल होतो तरी कसा? गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती. चोपडा जीर्ण झाला की नवा उतरवून काढतात आणि उतरवताना चुका होतात. आमच्या गावाच्या नावातलं एक अक्षर असंच बदललंय; जुन्या चोपड्यात एक, नव्यात दुसरं, आणि पुढच्या सगळ्या नोंदी नव्याप्रमाणे. शरीरातही हेच चालतं. डीएनएची नक्कल जवळजवळ अचूक होते, पण प्रत्येक बाळात साधारण साठ-सत्तर अक्षरं आईबाप दोघांतही नसलेली, नवी असतात. बहुतेकांनी काही बिघडत नाही. काहींनी बिघडतं. क्वचित एखादी कामी येते.

कामी येते म्हणजे काय, हे निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला पुस्तकाविना कळतं. द्राक्षावर डाऊनी हा बुरशीचा रोग आला, औषध मारलं, बाग स्वच्छ. तेच औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं की एक दिवस ते लागू पडेनासं होतं. औषधाने बुरशीला काही शिकवलेलं नसतं. लाखोंत दोन-चार बीजाणू आधीपासूनच चुकीच्या नकलेमुळे वेगळे होते. बाकीचे मेले, यांना मोकळं रान मिळालं. नैसर्गिक निवड म्हणजे इतकंच. कुणी ठरवत नाही, कुणी धडपडत नाही. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली, हे जितकं चूक तितकंच माणसाने उभं राहायचं ठरवलं, हेही चूक.

माणसातही हे थांबलेलं नाही. भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेलचं जनुक जास्त आढळतं. दोन्ही पालकांकडून आलं तर मोठा त्रासदायक आजार; एकाकडूनच आलं तर जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव. मलेरियाच्या मुलखात ते टिकून राहिलं ते या दुसऱ्या कारणाने. रक्ताच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक, बस.

पाचशे चोपडे, चार खुणा

बाविसाव्या चोपड्याच्या मागे मी पुतणीला पळवतच नेलं. पिढ्या छोट्या होत जातात. माकडाची पिढी आठेक वर्षांची धरली तरी साडेपाच कोटी वर्षांपर्यंत पोचायला आणखी पाचशे चोपडे लागतील. तिथल्या नावांना चेहरे द्यायचे तर खारीएवढे, मोठ्या डोळ्यांचे, फांद्या धरणारे जीव. त्यातले काही आपल्या शेजारीच मिळाले आहेत. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत ५.४५ कोटी वर्षांपूर्वीच्या नरवानरांचे जबडे आणि हातापायांची हाडं निघाली.

मधल्या एका चुकीची गोष्ट सांगायलाच हवी, नाशकात तर नक्कीच. शिवालिक टेकड्यांत मिळालेल्या जबड्यांना संशोधकांनी देवांची नावं दिली होती: शिवापिथेकस, ब्रह्मापिथेकस, रामापिथेकस. रामापिथेकस हाच माणसाचा पहिला पूर्वज, असं मध्यंतरी बऱ्याच पुस्तकांत छापलं होतं. माझ्या काकांच्या कॉलेजच्या वहीतही आहे. पुढे चेहऱ्याची पुरेशी हाडं मिळाली तेव्हा दिसलं की रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसच आणि त्याचं नातं ओरांगउटानच्या फांदीशी. राम आणि शिव एकच निघाले, याचं पंचवटीत कुणाला नवल वाटणार नाही. पूर्वजपद मात्र गेलं. नवा पुरावा आला म्हणून ओळ खोडली, याबद्दल मला या शास्त्राचा आदरच वाटतो.

खुणा मात्र आपल्या अंगावरच आहेत. कण्याच्या टोकाला जे हाड आहे त्याला मराठीने किती नेमकं नाव दिलंय: माकडहाड. आईच्या पोटात पाचव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक गर्भाला छोटी शेपटी असते, आठव्यापर्यंत ती विरून जाते. कपींची शेपटी गेली ती सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, आणि टीबीएक्सटी नावाच्या एका जनुकात घुसलेल्या डीएनएच्या तुकड्याने ती गेली असावी, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. अक्कलदाढ दुसरी खूण. जबडा आखूड झाला, दाढांची संख्या तीच राहिली, आणि दातांच्या डॉक्टरांची सोय झाली.

तिसरी खूण सी जीवनसत्त्वाची. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्यात ते बनवणारं जनुक आहे, पण मोडलेलं, चोपड्यातल्या खोडलेल्या ओळीसारखं. माकडांतही तेच. फळांवर जगणाऱ्याला या बिघाडाने अडत नसावं. आपल्याला मात्र आवळा, पेरू, लिंबू चुकत नाही. फळांचीच चौथी गोष्ट: कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आपल्याला आणि ब्रह्मगिरीवरच्या माकडाला दिसतो. हिरव्या जाळीत लालसर झालेलं करवंद हेरणारा डोळा आपण दोघांनी एकाच पूर्वजाकडून घेतला.

फळ जमिनीवर पडून आंबलं की त्यात मद्यार्क तयार होतो. सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी, आपण, चिंपँझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजाच्या एका पाचकद्रव्यात एक बदल झाला आणि मद्यार्क पचवण्याची त्याची ताकद सुमारे चाळीस पटींनी वाढली. झाडावरून खाली उतरून पडकी फळं वेचणाऱ्यांना त्याचा फायदा झाला असावा. गंगापूर धरणाच्या कडेला आज वायनरीत बसून सूर्यास्त बघणारे लोक हे जनुक वापरत असतात. पुतणीला हे सांगताना वहिनीने माझ्याकडे बघितलं, म्हणून विषय तिथेच आवरला.

नसलेली नावं

पंधरा दिवसांनी श्राद्धाच्या निमित्ताने पुन्हा गुरुजींकडे गेलो. पुतणी हट्टाने आली. यावेळी तिने चोपड्यात दुसरंच शोधलं. “काका, यात आज्या कुठंयत?”

खरंच नव्हत्या. पाच पिढ्यांचे बाप, मुलगे, नातू. एखाददुसरीकडे ‘सहकुटुंब’.

शरीराचा चोपडा याच्या अगदी उलट एक नोंद ठेवतो. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. आज पृथ्वीवर असलेल्या प्रत्येक माणसाची ही आईची साखळी मागे नेली तर ती आफ्रिकेतल्या एकाच बाईपाशी पोचते, साधारण दीड ते दोन लाख वर्षांपूर्वी. आपल्या पहिल्या चोपड्याच्या मधल्या पानांत. ती काही त्या काळची एकटी बाई नव्हती. आजूबाजूला हजारो जणी होत्या. पण त्यांच्या साखळीत कुठे ना कुठे नुसते मुलगेच झाले, किंवा मूलच झालं नाही, आणि आईकडून लेकीकडे जाणारी ओळ तिथे तुटली. हिची तुटली नाही. तुटली नाही म्हणजे त्या बाईपासून आमच्या पुतणीपर्यंत सहा ते आठ हजार आया, एकीच्या पोटी पुढची, मधे एकही खाडा नाही.

गुरुजींना हे मी सांगितलं नाही, पुतणीनेच सांगितलं, बरंचसं बरोबर. ते ऐकत होते. मग त्यांनी नवी नोंद लिहायला घेतली: अण्णांचं नाव, खाली आम्हा दोघा भावांची. “आणि पुढे? मुलगा?”

“मुलगी,” भाऊ म्हणाला.

गुरुजींनी चष्मा वर केला, तिला नाव विचारलं, अक्षरं नीट विचारून घेतली आणि लिहिलं. तिच्या आईचं नाव तिने सांगितलं, तेही कंसात लिहिलं. सही करायला पेन तिच्या हातात दिलं. नावाखाली अर्धं पान त्यांनी कोरं सोडलं.